पातळ थराचं सिलिकॉन: सुरुवात कशी करशील

पहिल्याच महिन्यात सोलर सेलच्या कार्यक्षमतेच्या आकड्यामागे लागू नकोस. आधी नुसत्या काचेवर अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनचा एकच थर दे आणि तो परत परत तसाच येतो का ते बघ. उजेडातली वाहकता अंधारातल्या वाहकतेच्या सुमारे १ लाख पट आली, की थर कामाचा आहे असं समज.

सुरुवातीला सगळ्यात जास्त घात काच करते. मुंबईच्या जुलैमधल्या हवेत धुतलेली काच उघडी ठेवली की ओल धरतेच. धुतल्यावर तिच्यावर हलकेच श्वास सोड. वाफ एकसारखी पसरून उडाली तर ठीक, ठिपके उमटले तर परत धू. चेंबर (थर देण्याची निर्वात पेटी) उघडायचा तो आत कोरडा नायट्रोजन भरूनच.

मग हायड्रोजन. तापमान २०० अंशांच्या आसपास, दाब आणि प्लाझ्माची पॉवर कायम ठेव. सायलेनच्या (ज्या वायूतून सिलिकॉनचा थर बसतो त्याच्या) तुलनेत फक्त हायड्रोजन पायरीपायरीने वाढव. थर स्फटिकमय होऊ लागतो त्याच्या जरा अलीकडे उत्तम माल मिळतो. नवखे इथेच चुकतात: एका दिवसात तीन गोष्टी बदलतात, मग कशाने काय झालं ते कळत नाही.

आणखी दोन गोष्टी:
- बोरॉन मिसळलेला पी-थर दिल्यावर त्याच चेंबरमध्ये लगेच आय-थर (काहीही न मिसळलेला, उजेड शोषणारा थर) नको, मागे उरलेला बोरॉन त्यात शिरतो. माझे दोन महिने त्यातच गेले.
- सायलेन हवेत आपोआप पेटतो. गळती तपासल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, रात्री एकट्याने तर नाहीच.

टँडेम (एकावर एक रचलेले दोन सेल) वगैरे नंतर. पहिले १० थर झाले की वही घेऊन ये, बसून बघू.