चराईबंदीनंतर गायरानात कुसळीच का माजते?

प्रश्न : आमच्या गायरानात काही वर्षांपासून चराई बंद आहे. सुरुवातीला तऱ्हेतऱ्हेची रानफुले आली, आता मात्र सगळीकडे कुसळी गवतच दिसते. असे का होते? पुढे काय वाढेल, हे आधी सांगता येते का?
— एक वाचक, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर

उत्तर : बऱ्याच अंशी सांगता येते. दक्षिण फ्रान्समध्ये २ ते ४२ वर्षे पडीक राहिलेल्या १२ द्राक्षमळ्यांच्या अभ्यासात (२००६) पाने, बिया, आयुर्मान अशा केवळ आठ गुणांवरून ३० जातींच्या प्रमाणातील सुमारे ९४ टक्के फरक उलगडला होता.

मोकळ्या जमिनीवर प्रथम पातळ पानांच्या, एका पावसाळ्यात आयुष्य संपवणाऱ्या वनस्पतींची चलती असते. त्यांना दरवर्षी बियांपासूनच उगवावे लागते; कुसळीचे ठोंब मात्र जमिनीत टिकून असतात, पहिल्या पावसातच फुटतात आणि चरणारे जनावर नसल्याने उंच वाढून खालच्या रोपांचा सूर्यप्रकाश अडवतात. उंची सर्वत्रच कामी येते असे नाही : तिबेटच्या पठारावरील थंड, वाऱ्याच्या कुरणांत ठेंगणी, दाट मुळांची कोब्रेसिया ही गवतासारखी वनस्पती वर्चस्व मिळवते.

कुसळीचे बी नीट पाहण्यासारखे असते. त्याचे लांब, पिळदार कुसळ ओल लागताच उलगडते, वाळले की पुन्हा पीळ घेते, आणि या फिरण्यामुळे बी आपोआप मातीत रुतत जाते. वणव्याची आच वरून निघून जाते, रुतलेले बी वाचते. नवे गवत चांगले फुटावे म्हणून रान पेटवण्याची प्रथा त्यामुळे कुसळीच्याच पथ्यावर पडते, हे ग्रामस्थांना आवर्जून सांगावे. वणवा थांबला आणि पुढे चराई माफक ठेवली, तर पवन्या, मारवेल यांसारखी चांगल्या चाऱ्याची गवते हळूहळू जागा परत मिळवू शकतात. त्याला वर्षे लागतात.

मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या कातळावर, मात्र हिशेब वेगळा असतो. तेथे माती इतकी उथळ व निकस असते की उंच गवताला तग धरता येत नाही, आणि म्हणूनच गेंद व सीतेची आसवे यांचे ताटवे टिकतात. सीतेची आसवे तर आपल्या सूक्ष्म फुग्यांत बारीक जीव पकडून नत्राची तूट भरून काढतात. आपल्या गायरानात असा कातळाचा भाग असेल, तर तो ओसाड समजून तेथे माती टाकून वृक्षारोपण करू नये.