ऑटोक्लेव्हमध्ये गाळ बसू नये म्हणून ॲजिटेटरचा (ढवळणाऱ्या यंत्राचा) आरपीएम वाढवला तर चालेल का?

तुम्ही म्हणताय ते सल्फाइडयुक्त सोन्याच्या खनिजाचं ऑटोक्लेव्ह आहे, म्हणजे जास्त दाब-तापमानाचं बंद पात्र. तापमान २२५ अंश सेल्सिअस, दाब ३२ बार, आत ऑक्सिजन सोडायचा. पाण्याच्या ट्रायलमध्ये वाळू छान उचलली गेली, मग प्रत्यक्षात गाळ का बसेल, आणि बसलाच तर वेग वाढवून भागेल का, असं विचारलंय.

मी रबाळे एमआयडीसीत ॲजिटेटरचं डिझाइन करतो. माझा अनुभव सांगतो: आधी गाळाचा नाही, वायूचा हिशेब करा.

२२५ अंशांना पाण्याच्या वाफेचाच दाब जवळपास साडेपंचवीस बार असतो. ३२ बारमधून तो वजा केला की ऑक्सिजनच्या वाट्याला उरतो जेमतेम साडेसहा बार. आत शिरलेला ऑक्सिजनचा बुडबुडा आजूबाजूची वाफ ओढून घेतो आणि साधारण पाचपट फुगू शकतो. म्हणजे आत सोडलेल्या वायूच्या आकड्यावरून इम्पेलर (शाफ्टवरचा पात्यांचा फिरता भाग) निवडला, तर त्याला प्रत्यक्षात कितीतरी जास्त वायू हाताळावा लागतो. वायू पात्यांभोवती साचला की इम्पेलर फ्लड होतो, पंपिंग पडतं आणि गाळ खाली बसतो. तुमच्या ट्रायलमध्ये हवा सोडलीच नव्हती, त्यामुळे हे दिसणं शक्यच नव्हतं.

वेग वाढवण्याबद्दल: पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आरपीएम २० टक्के वाढवलात तर मोटरवर पावणेदोन पट लोड येतो. पात्यांची झीज वाढते ती वेगळीच, आणि तळाला बेअरिंग नसलेला लांब शाफ्ट क्रिटिकल स्पीडच्या, म्हणजे ज्या वेगाला तो जोरात थरथरतो त्याच्या, जवळ जातो. त्यापेक्षा खोलगट, अंतर्वक्र पात्यांचा इम्पेलर बघा. तो सपाट पात्यांच्या टर्बाइनपेक्षा बराच जास्त वायू फ्लड न होता पेलतो. फक्त मॅनहोलमधून तुकड्यातुकड्यांनी आत जाईल असाच काढा, हे ड्रॉइंगवर हमखास राहून जातं.

शाफ्ट पात्रात शिरतो तिथलं सील डबल मेकॅनिकलच घ्या, बॅरिअर फ्लुइडचा (दोन सीलांमधल्या द्रवाचा) दाब व्हेसलपेक्षा वर ठेवून. यात काटकसर अजिबात नको.

आणि मोटर निवडताना वायू नसतानाचा लोड धरा. वायू चालू असताना ॲम्पिअर कमी दिसतात, म्हणून लहान मोटर बसवायचा मोह होतो. पण ऑक्सिजन अचानक बंद झाला की स्लरीचा (खनिज आणि पाण्याच्या मिश्रणाचा) पूर्ण भार एका क्षणात पात्यांवर येतो, मोटर ट्रिप होते आणि सगळा गाळ तळाशी बसतो. मग पुन्हा चालू करताना शाफ्ट त्या गाळात रुतलेला असतो.