समुद्री गरुडाची छाती जळतेय? आधी आयएसओ बघा

तुम्ही लिहिलंय की गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर उडत्या समुद्री गरुडाची पांढरी छाती एका फ्रेममध्ये पार जळते, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो, पुढच्याच फ्रेममध्ये पक्षी काळा पडतो, आणि कॅमेरा तर मॅन्युअलवर आहे. वाचलं आणि पोटात कालवलं. माझा एक अख्खा हिवाळा ह्यातच गेला. शटर, ट्रॅकिंग तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

एकच विचारते: आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, ऑटोवर आहे का?

माझा होता. शटरचा वेग मी ठरवला, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) मी ठरवलं, म्हणजे एक्स्पोजर, फोटोत किती उजेड येणार ते, आपल्या हातात, असं धरून चालले होते. पण आयएसओ ऑटोवर असला की उजेड मोजून शेवटचा निर्णय कॅमेराच घेतो. गरुड उजळ आकाशासमोर असला की कॅमेरा आयएसओ उतरवतो, पक्षी काळवंडतो. तोच गरुड शापोरा किल्ल्याच्या डोंगरावरच्या गडद झाडीसमोरून गेला की आयएसओ चढतो आणि छातीवरचं एकूण एक पीस पुसलं जातं. पक्ष्यावरचं ऊन मात्र दोन्हीकडे तेच असतं!

मला वाटलं कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर बिघडलं. ऐन जानेवारीत कॅमेरा सर्व्हिस सेंटरला दिला. कुठल्या, ते लिहीत नाही. सोबत पेन ड्राइव्हवर वीस फोटो दिले, कागदावर तक्रार लिहून दिली. पाच आठवडे फोन करत राहिले, दर वेळी ‘बघतोय’. शेवटी कॅमेरा परत आला, ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी आणि तपासणीचं बिल घेऊन. पेन ड्राइव्ह दिला तसाच पाकिटात. एक फाइल उघडली असती तरी दिसलं असतं की लागोपाठच्या फ्रेममध्ये आयएसओ २५० वरून १२५० वर उडी मारतोय. ते मला घरी, फोटो निवडताना, माझं मलाच दिसलं. तोवर कुरव परतीला लागले होते. अजून राग जात नाही.

आता मी काय करते ते सांगते. स्वच्छ ऊन चढल्यावर आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर एफ ८, शटर १/२५०० सेकंद, इथून सुरुवात. वाळूवर त्याच उन्हात बसलेल्या एखाद्या पांढऱ्या कुरवाचा फोटो घ्यायचा, हायलाइटची लुकलुक (जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती सूचना) चालू ठेवायची, आणि पांढऱ्यावरची लुकलुक जेमतेम थांबेल तिथे सगळं पक्कं करायचं. मग मागे आकाश येवो की पाणी, हात लावायचा नाही. ढग आला किंवा ऊन बदललं तर पुन्हा पहिल्यापासून. गरुडाचं पिल्लू तपकिरी असतं, त्याला साधारण दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त द्या. फाइल रॉच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा. हे माझ्या कॅमेऱ्याचं गणित आहे, तुमच्यावर थोडं पुढे-मागे होईल. उजेड क्षणोक्षणी बदलणाऱ्या ठिकाणी ऑटो आयएसओ उपयोगी असेलही, पण उघड्या किनाऱ्यावर पांढऱ्या पक्ष्याला नको, ह्यावर मी ठाम आहे.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून समुद्रावरच्या पक्ष्यांसाठी सकाळच बरी, ऊन आपल्या पाठीमागून येतं. दुपारनंतर पक्ष्याची छाती सावलीत जाते, तिथे कुठलंही सेटिंग कामाला येत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढत असतील तिथे थांबा, पक्षी आपणहून येतात. फक्त दोरांच्या मध्ये जाऊ नका. आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून बसलेल्या थव्यात धावत जाऊ नका, कृपा करून.

एसीच्या खोलीतून निघणार असाल तर कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर काचेवर धुकं धरतं.

त्या दोन फ्रेमचा आयएसओ किती आहे तेवढं कळवा.