वाचकांचे प्रश्न : होळकरकाळावर कादंबरी लिहिताना

प्रश्न : यशवंतराव होळकरांवर कादंबरी लिहायला घेतली आहे. छापील पत्रांत सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली, अरबी अंकनावांनी लिहिलेली वर्षगणना), शक आणि तिथी असते. त्यावरून इंग्रजी तारीख कशी काढायची? (वाचक, सुदामानगर, इंदूर)

पानिपतावर करून बघा. तेव्हाचा सुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. युद्ध जानेवारीतलं, म्हणून १७६१. शक १६८२ होता. शकात एरवी ७८ मिळवतात, पण जानेवारी ते पाडवा ७९. उत्तर तेच येतं. पौष शुद्ध ८ जंत्रीत, म्हणजे जुन्या तिथी-तारखांच्या कोष्टकात, पाहिली की १४ जानेवारी, बुधवार मिळतो. वार जुळलाच पाहिजे. तो जुळला नाही तर तारीख कादंबरीत घेऊ नका.

माळव्यात खरा घोटाळा महिन्याचा होतो. होळकरांची मराठी पत्रं अमान्त (अमावास्येला संपणाऱ्या) महिन्यांची, तर जयपूर-उदेपूरकडचे कागद पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणाऱ्या). शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्य पक्षात महिन्याचं नाव एकानं पुढे जातं. यशवंतरावांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांचा पराभव केला तो २५ ऑक्टोबर १८०२ ला, दिवाळीत. आपल्याकडे तो आश्विन वद्य, हिंदी कागदात कार्तिक बदी. दोन्हीकडची पत्रं एकत्र लावताना हे विसरलं की जासूद, म्हणजे पत्र नेणारा, निघण्याच्या महिनाभर आधीच पोचलेला दिसतो.

तिथीवरून रात्रीचा उजेडही कळतो. हडपसरनंतरची रात्र काळोखी. पानिपतच्या संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळला. पळणाऱ्या माणसांना तो किती वेळ पुरला, हे लेखकाला माहीत हवं.

प्रश्न : अहिल्याबाईंचा दरबार इंदूरच्या राजवाड्यात दाखवला तर चालेल का?

नाही. त्यांची राजधानी महेश्वर. राजधानी इंदूरला आली ती १८१८ साली, मंदसोरच्या तहानंतर. शिवाय १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या स्वारीत राजवाडा जळाला, पुढे पुन्हा बांधला गेला, आणि १९८४ च्या आगीनंतर मागचा भाग नव्यानं उभा राहिला. आज दिसणारा राजवाडा जसाच्या तसा अठराव्या शतकात नेऊ नका. महेश्वरहून इंदूरला यायचं तर घाट चढून यावं लागतं. तोफा आणि बाजारबुणगे घेऊन लष्कर दिवसाला पाच-सहा कोसांपलीकडे जात नसे, तेव्हा प्रवास त्या हिशेबानं लिहा.

संबोधनांतही चूक होते. पत्रांत अहिल्याबाई 'गंगाजळनिर्मळ मातुश्री' आहेत आणि मल्हारराव 'सुभेदार'. 'महाराणीसाहेब' हा सिनेमातला शब्द झाला. दौलतीचा, म्हणजे राज्याचा, खजिना वेगळा आणि खासगी, म्हणजे घराण्याची स्वतःची मिळकत, वेगळी, हेही ध्यानात ठेवा. त्यांच्या दानधर्माचा खर्च खासगीतून व्हायचा. आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी वाढू नका, टॅपिओकाचा साबुदाणा आपल्याकडे विसाव्या शतकातला. वरी आणि शिंगाडा चालेल.

प्रश्न : ना. सं. इनामदारांच्या कादंबऱ्या इतक्या वाचल्या गेल्या. त्यांच्याकडून नेमकं काय शिकावं?

नायकाची निवड. 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'झुंज'मध्ये यशवंतराव, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव. तिघेही बदनाम. अशा माणसाबद्दल शत्रू, वकील, इंग्रज रेसिडेंट सगळेच लिहून ठेवतात, त्यामुळे कागद भरपूर मिळतो आणि त्यांतली मतं एकमेकांना छेद देतात. कादंबरीला जागा मिळते ती तिथेच. 'कधी' आणि 'कुठे' कागदावरून घ्या, 'का' तुम्ही लिहा. होळकरांपुरतं बोलायचं तर १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं, ही नोंद आहे. ती बातमी ऐकल्यावर यशवंतराव भावासाठी काय बोलले असतील, हे लिहिणं तुमचं काम. मात्र तुम्ही रचलेलं वाक्य पत्रातलं म्हणून अवतरणात घालू नका. वाचक ते खरं धरतो आणि पुढे भाषणांत तेच फिरत राहतं.

प्रश्न : मोडी शिकलीच पाहिजे का?

सुरुवातीला गरज नाही. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे सरदेसाईंनी संपादलेले ४५ खंड छापील देवनागरीत आहेत, 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे'ही आहेत. आधी ते वाचून मायने (पत्राच्या सुरुवातीचा ठरावीक मजकूर) आणि भाषा अंगवळणी पडू द्या. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसतात; मजकुराचा अंदाज नसेल तर अक्षरं ओळखूनही ओळ लागत नाही.