छताला भोक पाडायच्या आधी

भावा, मुक्कामाच्या गाडीच्या छतावर सोलर पॅनेल बसवतोयस ना, मग वायरिंगचं टेन्शन घेऊ नकोस, जमेल तुला. खरी डोकेदुखी पाण्याची. साताऱ्यात कोरडी ठणठणीत असलेली माझी गाडी महाबळेश्वरच्या पावसात एका रात्रीत गळली, गादीसकट.

भोकाच्या कडा कानशीने घास, गंजरोधक प्रायमर लाव, वाळू दे. मगच केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती घट्ट बसणारं, पाणी अडवणारं बूच. नुसत्या सिलिकॉनवर भागवू नकोस, पॉलीयुरेथेन सीलंट आण. ग्लँडच्या अलीकडे, बाहेरच्या बाजूला, वायरीला खाली झोल दे, पाणी तिथंच टपकेल.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- घरातली साधी वायर छतावर टाकतात. उन्हानं तडकते. ४ चौरस मिमीची सोलर डीसी केबल घे.
- चार्ज कंट्रोलरला (पॅनेलची वीज बॅटरीला बेतानं देणारा डबा) पॅनेल आधी जोडतात. आधी बॅटरी, मग पॅनेल; तोवर पॅनेलवर गोधडी टाक.
- बॅटरीजवळचा फ्यूज विसरतात.

एकापेक्षा जास्त पॅनेल एकमेकांना कसे जोडायचे, ते सिरीज-पॅरललचं नंतर बघू.