मळी एक की दोन?

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलंय: 'एका बातमीत मळीपासून इथेनॉल, दुसऱ्या बातमीत मळीपासून गाड्यांचा गॅस. मळी एकच ना? आणि हा शब्द मोलॅसिसचा अपभ्रंश आहे का?'

ताई, मळ्या दोन आहेत.

100 टन ऊस गाळला की साधारण 30 टन चिपाड निघतं (कारखान्यात बगॅस), चारेक टन काळा दाट पाक आणि तीन-चार टन ओला, मातकट गाळ. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरतो तो पाक म्हणजे एक मळी, मोलॅसिस. तिच्यात साखर शिल्लक असते, म्हणून यीस्ट घालून आंबवली नि ऊर्ध्वपातन केलं की इथेनॉल. बातम्यांतली 'बी हेवी मळी' म्हणजे सगळी साखर न काढता आधीच बाजूला घेतलेली.

दुसरी मळी म्हणजे रस चुन्याने निवळताना खाली बसणारा गाळ, प्रेसमड. हवाबंद टाकीत कुजवला की त्यातून बायोगॅस निघतो. त्यातला मिथेन वेगळा काढून दाबाने भरला की सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस), म्हणजे बातमीतला गाड्यांचा गॅस. उरलेलं खत म्हणून शेतात जातं.

हक्काची मळी कोणती? माझा कौल गाळाला. गुऱ्हाळात उकळत्या रसावर घाण तरंगते, ती काढतात त्यालाच 'मळी काढणे' म्हणतात. रसात भेंडीचा चिकट रस घालतात तो ती वर यावी म्हणून. प्रेसमड ही तिचीच कारखान्यातली बहीण. शब्द सरळ 'मळ'वरून आलाय; फल-फळ, तसा मल-मळ. मोलॅसिसचं मूळ लॅटिन 'मेल', म्हणजे मध! तेव्हा अपभ्रंश वगैरे काही नाही, उच्चार जवळ आलेत एवढंच.

काही भाषांतरांत मोलॅसिसला 'काकवी' लिहितात, ते मात्र मला खपत नाही. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा पाक, साखर न काढलेला. भाकरीशी काकवी खातात, मोलॅसिस खाऊन बघू नका.

मी स्वतः पाकाला मळी आणि गाळाला प्रेसमड लिहितो. बोलताना अडत नाही. ठाण्यात गावदेवीजवळच्या रसवंतीवाल्याला, तो साताऱ्याकडचा, परवा विचारलं, मळी म्हणजे काय हो? चरकात ऊस सारत तो म्हणाला, "कुठली? रानात टाकायची का दारूची?"