बुलपेनमध्ये बसलेल्या मुलाला

बाळा,

शनिवारी रात्री तुझ्या आईचा फोन आला. जेवत नाहीये म्हणाली, आणि "मला डिमोट केलं, मी बेसबॉल सोडतो" हे एकच वाक्य चारदा बोललास म्हणे. तिला त्यातलं काही कळत नाही, तिने मला विचारलं, रिलिव्हर म्हणजे राखीव का हो? मी म्हणलं राखीव नाही, पहिल्यापासून बॉल टाकणारा पिचर म्हणजे स्टार्टर, त्याच्यानंतर मधेच आत येणारा तो रिलिव्हर, बोलावणं येईपर्यंत बुलपेनमध्ये खांदा गरम करत बसतो. उद्या त्याच्याशीच बोलतो. आज तीन दिवस झाले, बोललो नाही, कारण बोलायला बसलो की मी चिडणार हे मला माहीत आहे. म्हणून लिहितोय. नऊ वर्षांचा असताना ठाण्याहून इथे अमेरिकेत आलास, मराठी वाचता येतं तुला, अडलं तर आईला विचार.

त्या मॅचला मी होतो हे तुला माहीत नाही. कुंपणापाशी उभा होतो, तिसऱ्या बेसच्या बाजूला. सहाव्या इनिंगमध्ये कोचने हात वर केला तेव्हा तू बाकाच्या टोकाला होतास, हुडी डोक्यावरून ओढलेली, कानात इअरफोन, ग्लव्ह बाकाखाली मातीत. शेजारच्या पोराने कोपर मारलं तेव्हा तू मान वर केलीस. मग घाईघाईत सात-आठ बॉल टाकलेस आणि निघालास माउंडकडे, पिचरच्या उंचवट्याकडे. पहिल्या बॅटरला चार बॉल, चारही बाहेर, म्हणजे वॉक, त्याला पहिला बेस फुकट. दुसऱ्यालाही वॉक. तिसऱ्याने लेफ्टला मारला आणि दोघं पळत घरी आले. परत येताना तू कोचकडे कसं बघितलंस ते मी बघितलं. अरे, त्या दोन वॉकमध्ये कोचचा काय संबंध? एप्रिलची थंडी, दीड तास बाकावर गार पडलेला खांदा, आणि डोक्यात सारखं हेच की माझ्यावर अन्याय झाला, बॉल कुठे जाणार होता मग?

तुला स्टार्टर का ठेवलं नाही मला ठाऊक नाही. कोचचं चुकलंही असेल. मी त्यात पडतच नाही. मोठ्या स्टेडियममध्ये बुलपेनला फोन असतो, डगआउटमधून, म्हणजे कोचच्या बाकावरून, रिंग आली की समजायचं कुणाला तरी उठायचंय. तो कधी वाजणार, कुणासाठी वाजणार, वाजणार की नाही, यातलं काहीही बसलेल्या माणसाच्या हातात नसतं. त्याच्या हातात एकच, रिंग आली तेव्हा आपण तयार असणं. फोन त्यांचा, खांदा आपला. हे मी या पत्रात परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तुझ्या खोलीत ४२ नंबरचा जो शर्ट लटकतोय तो मीच आणलेला. न्यूयॉर्क यांकीजचा पिचर मारियानो रिवेरा, त्याचं सगळं पाठ आहे म्हणतोस. ६५२ सेव्ह, म्हणजे इतक्यांदा शेवटी येऊन टीमची थोडक्यातली आघाडी टिकवली, कुणाचेच इतके नाहीत, आणि २०१९ साली हॉल ऑफ फेममध्ये ४२५ पैकी ४२५ मतं, तसं त्याआधी कुणाच्याच बाबतीत झालं नव्हतं. हे पाठ आहे, बरं आहे. पण हे शेवटचं पान झालं रे. मधली पानं तू वाचलेली नाहीस, नाहीतर "डिमोट" हा शब्द तुझ्या तोंडात आला नसता.

पनामात पोर्टो काइमितो म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, तिथे तो वाढला. वडील मासेमारीच्या बोटीवर. पोरं दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा ग्लव्ह करायची, मासे पकडायच्या जाळीचे तुकडे गुंडाळून वरून टेप मारला की बॉल, आणि झाडाची फांदी म्हणजे बॅट. (आम्ही डोंबिवलीत चिंध्यांच्या बॉलला सायकलच्या ट्यूबचे रबर कापून गुंडाळायचो, तो बॉल लागला की वळ उठायचा, म्हणून मला ते लगेच डोळ्यासमोर येतं.) शाळा अर्धवट सुटली, तो बापाबरोबर बोटीवर जायला लागला, आणि एकदा बोट बुडायला लागली तेव्हा ती सोडून जीव वाचवावा लागला. या माणसाला खेळायचं होतं फुटबॉल, घोट्याच्या दुखापतींनी तेही गेलं. बेसबॉलमध्ये तो होता शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर. यांकीजच्या स्काउटने त्याला तिथे खेळताना बघितलं आणि घेतलं नाही.

मग एका मॅचमध्ये त्यांच्या टीमच्या पिचरला मार पडत होता, आणि हा म्हणाला मी टाकतो. पिचर नव्हताच तो. पण चांगला टाकला. टीममधल्या मित्रांनी यांकीजच्या माणसाला कळवलं, ट्रायल झाली, ताशी ८५-८७ मैलाच्या आसपास टाकत होता, म्हणजे फार काही नाही, पण हात सैल आणि बॉल जिथे पाहिजे तिथे. त्याच स्काउटने, ज्याने आधी नको म्हणलं होतं, फेब्रुवारी १९९० मध्ये त्याला काही हजार डॉलरला साइन केलं. वय वीस. इंग्लिश येत नव्हतं. त्या वर्षी फ्लोरिडात खालच्या लीगमध्ये ५२ इनिंग टाकल्या, ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरच्या खात्यावर पडणारे रन, ०.१७. परत वाच, शून्य पॉइंट सतरा.

आता तुझ्या हिशोबाने लगेच वर जायला पाहिजे होता ना? १९९२ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. त्याच वर्षअखेरीस दोन नव्या टीम आल्या, फ्लोरिडा आणि कोलोरॅडो, त्यांना बाकीच्या टीमांमधून खेळाडू उचलायचे होते, यांकीजने ज्यांना वाचवलं नाही त्यांच्यात हा होता. आणि त्या दोघांनीही त्याला उचललं नाही! मेजर लीगमध्ये पोचायला मे १९९५ उजाडला. पंचवीस वर्षांचा झाला होता, स्टार्टर म्हणून पहिली मॅच, तीन इनिंग आणि एका आउटमध्ये पाच रन दिले, टीम १०-० ने हरली. जूनमध्ये परत खाली, कोलंबसला. डेट्रॉइटच्या डेव्हिड वेल्सच्या बदल्यात द्यायची बोलणी सुरू झाली होती. आणि तिकडे खाली असतानाच त्याचा स्पीड अचानक ९५ मैलावर गेला. ऑपरेशननंतरचा खांदा-कोपर मोकळा झाला की काय झालं, ते डॉक्टर सांगतील. माझ्यासाठी मुद्दा एवढाच, परत पाठवल्यावर तो तिथे तोंड पाडून बसला असता तर ते ९५ मैल कुणी बघितले असते? बोलणी थांबली. फोन त्यांचा, खांदा आपला.

आता खास तुझ्यासाठी. १९९६. त्याला स्टार्टर केलं नाही, क्लोजरही केलं नाही. क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा, जॉन वेटलँड होता. रिवेराला दिली सातवी-आठवी इनिंग. सेव्ह मिळणार नाही, विन मिळेलच असं नाही, पेपरात नाव खाली बारीक अक्षरात. त्याने १०७ इनिंगमध्ये १३० बॅटर स्ट्राइकआउट केले. सहाव्या इनिंगनंतर यांकीज पुढे असले की समोरचे कपडे बदलायला लागायचे अशी परिस्थिती. मी ऑक्टोबर ९६ मध्येच इथे आलो, चौघांत एक अपार्टमेंट आणि एक टीव्ही, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वर्ल्ड सिरीज चालू होती आणि हा सडपातळ पोरगा आत आला की माझे अमेरिकन रूममेट गप्प व्हायचे. मी विचारलं हा सुरुवातीपासून का नाही टाकत? त्यांनी सांगितलं ते मला तेव्हा पटलं नव्हतं. मला नाहीच पटणार होतं, मी कशातून आलो होतो ते मलाच माहीत.

ते सांगतो. तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही.

मी मुंबईत क्रिकेटची कांगा लीग खेळायचो, ८४-८५ च्या सुमारास. पावसाळ्यात होते ती, पिच ओलं, बॉल बुळबुळीत. डोंबिवलीहून पहाटेची लोकल, किटबॅग डोक्यावर, मग क्रॉस मैदान नाहीतर आझाद मैदान. मी नवा बॉल टाकायचो. तिसऱ्या सीझनला कॅप्टनने नवा बॉल दुसऱ्याला दिला, मला म्हणाला तू वीस ओव्हरनंतर ये, बॉल जुना झाला की तू जास्त उपयोगी. मला झोंबलं. दोन रविवार गेलो, फाइन लेगला हात बांधून उभा राहिलो. तिसऱ्या रविवारी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. दुखत नव्हता. घरी मटण केलं होतं आईने, ते खाऊन झोपलो. त्याच दिवशी ओपनिंग बोलरचं बोट फाटलं, जुन्या बॉलला कुणीच नव्हतं, मग एका बदली पोराच्या हातात बॉल दिला. त्याने सहा काढल्या. पुढच्या वर्षी तो एका ऑफिसच्या टीममध्ये नोकरीला लागला, आणि त्या काळी क्रिकेटवर नोकरी म्हणजे काय ते तुला नाही कळायचं, घर उभं राहायचं त्याच्यावर.

कॅप्टनचं चुकलंच होतं, हे मी आजही सांगतो. नवा बॉल माझा होता, विकेट बघ म्हणावं माझ्या. चाळीस वर्षं झाली तरी कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण तो बरोबर होता का चूक, त्याने माझं काय झालं? बॉल ज्या दिवशी माझ्याकडे येणार होता त्या दिवशी मी मैदानातच नव्हतो. एवढीच गोष्ट आहे. मला त्यावर दुसरं काही सुचत नाही.

म्हणूनच नंतर इथे मी काय केलं ते लोकांना कळत नाही. एकोणीस वर्षं मी रात्रीचा सपोर्ट केला, आधी पेजर, मग फोन, उशाशी. तुझे बाबा म्हणतात काका सपोर्टमध्ये राहिला, डेव्हलपमेंटला गेला असता तर डायरेक्टर झाला असता. असेल. पण रात्री तीनला रिंग आली की दुसऱ्या रिंगला मी उचलायचो, एकदाही चुकलो नाही, आणि सकाळी लोक ऑफिसला यायचे तेव्हा सगळं चालू असायचं. त्यांना कळायचंही नाही रात्री काही बंद पडलं होतं. मला त्याचा अभिमान आहे, आणि हे मी जिद्दीने केलं, कारण एक रविवार माझ्या डोक्यातून जात नव्हता. तर ते जाऊ दे.

तू म्हणशील रिवेराला नंतर तर क्लोजर केलं. हो, १९९७ ला, वेटलँड गेल्यावर. आणि सुरुवातीला काय झालं माहितीये? पहिल्या सहा संधींपैकी तीन घालवल्या. मग जूनमध्ये टीममधल्या रामिरो मेंडोझाबरोबर साधा कॅच-कॅच खेळताना त्याचा बॉल शेवटच्या क्षणी डावीकडे वळायला लागला. मेंडोझा वैतागला, बॉल पकडताच येईना. रिवेरा आणि पिचिंग कोच काही आठवडे ते वळणं बंद करायच्या मागे होते! सरळ फास्टबॉल जात होता ना बिचाऱ्याचा. शेवटी सोडून दिलं, वळतोय तर वळू दे. तो कटर. पुढची सोळा वर्षं बहुतेक तोच एक बॉल, समोरच्याला माहीत असायचं काय येणार, तरी बॅट मुठीजवळ फुटायच्या. २०१३ ला मिनेसोटावाल्यांनी त्याला निरोपाला त्या तुटक्या बॅटांचीच झुलती खुर्ची करून दिली. पण तो बॉल सापडला कधी ते बघ, मॅचमध्ये नाही, रोजच्या खांदा मोकळा करण्यात.

आणि हरला नाही असं समजू नकोस. ९७ च्या प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडच्या अलोमारने आठव्या इनिंगला होमरन मारला, पुढे यांकीज बाहेर. २००१ ची वर्ल्ड सिरीज, सातवी मॅच, ॲरिझोनात, नवव्या इनिंगला २-१ पुढे आणि बॉल त्याच्याच हातात, स्वतःच दुसऱ्या बेसवर चुकीचा फेकला, मग बरोबरी, मग गोन्झालेसचा तो अर्धवट लागलेला बॉल शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून पलीकडे टपकला आणि संपलं. मी घरी एकटाच बघत होतो, टीव्ही बंद करून किती वेळ तसाच बसलो होतो. २००४ ला बोस्टनविरुद्ध परत तेच. पुढच्या एप्रिलला तो परत त्याच बाकावर. २०१२ मध्ये, वय ४२, कॅन्सस सिटीत प्रॅक्टिसला उंच बॉल पकडायला धावला, जे तो नेहमीच करायचा, आणि गुडघा गेला. सगळ्यांना वाटलं आता बस. पुढच्या वर्षी आला आणि ४४ सेव्ह केले.

सेव्ह हा आकडा अधिकृतपणे मोजायला लागले १९६९ ला, आणि रिवेराचा जन्मही १९६९ चा, नोव्हेंबरातला. म्हणजे तू ज्याला डिमोशन म्हणतोस त्या कामाला आधी हिशोबात स्वतःचा आकडाही नव्हता. त्याच्यासारख्यांनी बसून बसून ते काम मोठं केलं.

तुझ्यावर मी चिडलोय ते यासाठी. हरलास म्हणून नाही. दोन वॉक कुणालाही जातात. इअरफोन घालून बसलास त्याचं मला वाईट वाटलं. तुझ्या हातात बॉल आहे रे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, मागच्या सीझनला तो उजव्या हाताच्या बॅटरला टाकलेला आतला फास्टबॉल, अजून आठवतो. सात इनिंगची तुमची मॅच, पाचव्यापासून तुझं काम कधीही येऊ शकतं. तिसऱ्या इनिंगला उठ, चाल, हात फिरव, चौथ्याला कॅचरच्या बदली पोराला घेऊन हळूहळू टाकायला लाग, आणि समोर कोण कुठल्या बॉलला बॅट घालतोय ते बघ, तेवढ्यासाठी तरी कान मोकळे ठेव. बोलावलं नाही तर? नाही बोलावलं. परत बस, जॅकेट घाल, पुढच्या इनिंगला परत उठ. उठून परत बसण्यात हात थकतो, ते खरं आहे, मोठ्यांचाही थकतो, आणि त्याचा आकडा कुठेच लागत नाही. तरी करायचं. फोन त्यांचा आहे बाळा.

सोडायचंच असेल तर सीझन संपल्यावर सोड, मी एक शब्द बोलणार नाही, तुझ्या बाबांनाही समजावीन. मधेच सोडलंस तर मात्र मला सांगायला येऊ नकोस, मला ते ऐकवणार नाही.

या शनिवारी मॅच अकराला आहे ना, मी येतोय. बुलपेनकडच्या कुंपणाशी उभा राहीन, हाक मारणार नाही, तूही बघू नकोस. इअरफोन घरी ठेव. थंडी असणार आहे, आईला सांग थर्मासमध्ये चहा दे म्हणून, साखर कमी.

काका